जलाशयाकांठच्या शेतासाठीं विजेची छोटी गाडी कशी निवडावी?

माळेगांवच्या यात्रेंत बैल विकत घेतांना आपल्याकडील शेतकरी काय काय पाहतो, हें वाचकांस सांगावयास नको. मार्गशीर्षांत खंडोबाचें दर्शन घेऊन तो बाजारांत शिरतो. लाल कंधारी किंवा देवणी गोऱ्ह्याचे दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि एवढें करूनहि बरोबरच्या वडीलधाऱ्याचा शब्द घेतल्यावांचून रुमालाखालीं हात घालीत नाहीं. परंतु तोच शेतकरी यंत्राची गाडी घेतांना तिचा रंग, तिची गादी आणि विकणाराचें गोड बोलणें एवढ्यावरच भुलतो. ही गोष्ट आमच्या घरींहि घडली, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

विष्णुपुरीचा शंकरसागर, लोहा तालुक्यांतील लिंबोटीचा जलाशय, कंधार तालुक्यांतील बारूळचें धरण, लातूरकरांस पाणी देणारा धनेगांवचा मांजरा प्रकल्प, अशा पाण्याच्या कांठीं ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांपैकीं कित्येक बंधु अलीकडे ‘गोल्फ कार्ट’ या नांवाच्या गाडीविषयीं विचारपूस करतात. कोणास वृद्ध आईबापांस बागेंत फिरवून आणावयाचें असतें, कोणास मोसंबीचे क्रेट बांधावरून घरीं आणावयाचे असतात, तर कोणी कृषि-पर्यटनाचा विचार करीत असतो. या सर्वांस उपयोगी पडेल अशी माहिती पुढें क्रमानें देत आहों.

ही गाडी मूळची कशासाठीं?

गोल्फ हा मैल-दीड मैल पसरलेल्या हिरवळीवर खेळावयाचा स्कॉटलंडचा खेळ आहे. आपल्या देशांत कलकत्त्यास त्याचा क्लब १८२९ सालींच निघाला. खेळाडूंस व त्यांच्या काठ्यांस वाहून नेण्यासाठीं अमेरिकेंत विजेच्या छोट्या गाड्या निघाल्या. ऑगस्टा येथें १९५४ सालीं सुरू झालेला ई-झेड-गो हा त्यांच्या जुन्या कारखान्यांपैकीं एक. आपल्याकडे बंगळूरच्या मैनी उद्योगसमूहानें आणि पुण्याच्या कायनेटिक ग्रीननें अशा जातीच्या गाड्या बनविल्या आहेत. मोटारींस बंदी असलेल्या माथेरानांत सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनें डिसेंबर २०२२ मध्यें विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, हें पुष्कळांनीं वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल.

येथें ध्यानांत धरण्याची गोष्ट एकच. गोल्फचें मैदान म्हणजे कापलेलें गवत, बांधलेली पाऊलवाट आणि पाण्याचा उत्तम निचरा. या गाडीचीं चाकें लहान, तिचे टायर गुळगुळीत व तिचें पोट जमिनीपासून जेमतेम चार-पांच इंचांवर असतें, याचें कारण हेंच. ती आपल्या काळ्या रानासाठीं जन्मास आलेली नाहीं. म्हणून ती घेऊंच नये असें नाहीं. पण पारखून घ्यावी.

आमच्या घरचा अनुभव

आमच्या थोरल्या बंधूंची जमीन एका जलाशयाच्या कांठीं आहे. घराण्याची साडेतीन एकर जुनी काळी बुडीतांत गेली. राहिलेल्या तुकड्यांत त्यांनीं आंबा व सीताफळ लावलें. पुढें गुडघे गेले. घरापासून बाग तीन फर्लांग, आणि बागेपासून पाणी आणखी एक फर्लांग. रोज सायंकाळीं पाण्याकडे पाहत बसण्याची त्यांची संवय. जेथें पाहतात तेथें खालीं आपलेंच रान आहे, एवढेंच त्याचें कारण. ती संवय मोडूं नये म्हणून पुतण्यानें एका बंद पडलेल्या विश्रामस्थळाची वापरलेली गाडी स्वस्तांत आणली. विकणारानें सांगितलें, ‘मक्खन चालते.’ तें खोटें नव्हतें; डांबरी अंगणांत ती खरोखरच तशी चालत होती.

भाद्रपदांत एके दिवशीं बंधु गाडींत बसलेले, पुतण्या कुंपणाचें फाटक काढण्यास उतरलेला, आणि गाडी उतारावर उभी. उभी करण्याचा ब्रेक झिजलेला होता. गाडी हळूच सरकूं लागली, मग वेगानें. ओल्या गवतावर चाकें अडेनात. कांठापासून सहा हातांवर बाभळीचा एक जुना बुंधा होता, त्यास अडकून ती थांबली. बंधूंच्या कोपरास खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. आम्हीं विकणारास बोल लावूं लागलों, तेव्हां तेच म्हणाले, “अरे, गाडीला कशाला नांवें ठेवतां? आपणच तिचे दांत पाहिले नाहींत.” या एका वाक्यानें आम्हांस या विषयाच्या अभ्यासास लावलें.

आधीं वाट, मग गाडी

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांतील चिकण अंश ओलाव्यानें फुगतो व उन्हानें आकसतो; उन्हाळ्यांत मनगट जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यांत चाकास लपेटणारा चिखल. अशा रानांत ट्रॅक्टरसुद्धां फसतो, तेथें लहान चाकाच्या गाडीची कथा काय? म्हणून कोणतीहि गाडी घेतली तरी ती भर पावसाळ्यांत काळ्या रानांतून चालेल, ही आशा प्रथम सोडावी.

गाडीच्या किंमतींतील कांहीं भाग वाटेसाठीं राखून ठेवावा. वरची काळी माती काढून खालीं दगडाचा थर द्यावा, त्यावर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवावा. वाट मध्यें उंच व कडेस उतरती ठेवावी, दोहों बाजूंस चर काढावा. पांच-सहा फूट रुंदी एका गाडीस पुरे. वळणावर व पाण्याकडील टोकास गाडी फिरेल एवढी मोकळी जागा सोडावी. वाट पाण्याच्या दिशेनें सरळ खालीं उतरवूं नये. उताराशीं तिरपी, नागमोडी न्यावी. चढ दहा हातांस एक हाताहून अधिक नसावा.

कांठ कोणाचा व कोठें?

महसूल खात्यांत आयुष्य घालविल्यामुळें हें कलम आम्ही विस्तारानें लिहितों. जलाशयाचा कांठ हा विहिरीच्या कांठासारखा एका जागीं स्थिर नसतो. आश्विनांत पाणी बांधास लागतें, तेंच चैत्र-वैशाखांत अर्धा मैल मागें सरतें. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटून लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. एप्रिलांत आलेल्या पहिल्या गाडींत पांच लाख लिटर पाणी होतें. त्या वर्षीं ‘कांठ’ म्हणावें असें कांहीं उरलेंच नव्हतें. तेव्हां गाडीनें पाण्यापर्यंत जाऊं असा बेत करणारानें ‘कोणत्या महिन्यांतलें पाणी?’ हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा.

दुसरें असें कीं, पूर्ण जलपातळीच्या आंतील संपादित जमीन सरकारची आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ठराविक अल्प मुदतीनें कसण्यास मिळते. तिच्यावर मालकी येत नाहीं. तेथें मुरुमाची पक्की वाट करणें, गाडीसाठीं छपरी बांधणें, चार्जिंगचा खांब रोवणें यांपैकीं कांहींहि करूं नये. नदीकांठच्या जमिनींस निळी व लाल पूररेषा लागू असते, तीहि पाहावी. सातबारा व गांव-नकाशा काढून, शंका असल्यास सरकारी मोजणी आणून, आपली हद्द कोठें संपते तें दगड पाहून ठरवावें. गाडीची वाट आपल्या हद्दींत जेथें संपते, तेथून पुढें पायींच जावें. वृद्धांसाठीं तेथेंच एक कट्टा किंवा बाक करावा, म्हणजे पाणीहि दिसतें व धोकाहि टळतो.

चाकें, पोट व बैठक

आतां गाडीकडे वळूं. जमीन व गाडीचें पोट यांतील अंतर फुटपट्टीनें मोजावें, आणि तेंहि चार माणसें बसवून. तें सात-आठ इंच भरल्यास शेतवाटेस योग्य. चार इंच असल्यास ती गाडी अंगणापुरती. टायर खोल नक्षीचे व रुंद असावे. गुळगुळीत टायर हिरवळीची राखण करण्यासाठीं असतात, आपणांस त्यांचा उपयोग नाहीं. कांहीं कारखाने गाडी मुद्दाम उंच करून देतात. उंची वाढली कीं गाडी उलटण्याचा संभवहि वाढतो, म्हणून उंचीबरोबर दोन चाकांमधील रुंदीहि वाढविली आहे कीं नाहीं हें विचारावें. बैलगाडीची आंख आंखूड आणि साटा उंच केला तर काय होतें, हें आपण जाणतोंच.

तीन चाकांची विजेची रिक्षा स्वस्त मिळते, परंतु आडव्या उतारावर व वळणावर ती लवकर कलंडते. पाण्याकांठीं चार चाकेंच बरीं. बैठक पुढें तोंड असलेली घ्यावी. पाठमोऱ्या बैठकीवरील माणूस चढावर पुढें झुकतो व खालीं पडतो. हातास धरावयास दांडा व कमरेस पट्टा असावा. गुडघे दुखणाऱ्या माणसास पायरी एक वितीहून उंच नसावी.

मोटार व ब्रेक

रिकामी गाडी सुमारें ५०० किलो, चार माणसें २८० किलो व सामान ७० किलो, मिळून ८५० किलो होतात. कठीण मुरुमाच्या वाटेवर एवढें वजन ओढण्यास सुमारें २५ किलोचा जोर लागतो. मऊ रानांत तोच १०० किलोपर्यंत जातो. आणि आठांस एक अशा चढावर केवळ चढासाठींच आणखी १०६ किलो लागतात. यावरून दिसेल कीं, सपाटीवर पळणारी गाडी चढावर कां हांपते. म्हणून मोटारीचा किलोवॅट आंकडा ऐकून समाधान मानूं नये. आपल्या सर्वांत कठीण चढावर, पूर्ण ओझ्यानिशीं, मध्येंच थांबवून पुन्हां सुरू करून पाहावी.

जुन्या गाड्यांत सीरीज जातीची डी. सी. मोटार असते, उतारावर ती गाडीस आवरीत नाहीं, वेग वाढतच जातो. ए. सी. मोटार व तिचें नियंत्रक-यंत्र उतारावर वेग धरून ठेवतें व थोडी वीज बॅटरींतहि परत जाते. पाण्याकांठच्या शेतास ही दुसरी जातच घ्यावी असें आमचें स्पष्ट मत आहे. तथापि मोटारीचा हा गुण म्हणजे ब्रेक नव्हे. पुष्कळ साध्या गाड्यांस ब्रेक फक्त मागच्या चाकांस असतात. शक्य तर चारी चाकांचे घ्यावे. उभी करण्याचा ब्रेक पूर्ण ओझ्यानें उतारावर दहा मिनिटें धरतो कीं नाहीं हें पाहावें, आणि तो धरला तरी चाकामागें दगड लावण्याची आपली बैलगाडीची रीत सोडूं नये.

वेगाचा हिशोब एकदां ध्यानांत घ्यावा. ओल्या गवताच्या आठांस एक अशा उतारावर ताशीं २० किलोमीटर वेगाची गाडी, चालविणाराचा विचार करण्याचा एक सेकंद धरून, थांबेपर्यंत सुमारें २६ मीटर जाते. तोच वेग १० केला तर अंतर सुमारें ८ मीटर भरतें. वेग निम्मा केला, अंतर तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी झालें. म्हणून विकणाराकडून गाडीचा कमाल वेग बांधून घ्यावा, व पाण्याकडील वाटेच्या टोकास मोठे दगड किंवा लांकडी ओंडका आडवा टाकावा.

बॅटरी

या गाडीचा जीव बॅटरींत आहे. दोन जाती मुख्य आहेत: शिशाची व लिथियमची. शिशाच्या संचांत ८ व्होल्टांचे सहा घट मिळून ४८ व्होल्ट होतात. १५० अँपिअर-तासांचा संच असल्यास ४८ × १५० म्हणजे ७.२ युनिट वीज सांठते. परंतु निम्म्याहून अधिक रिकामा केल्यास संच लवकर मरतो, म्हणून हातीं ३.६ युनिटच धरावे. लिथियमचा १०० अँपिअर-तासांचा संच ४.८ युनिटांचा, त्यांतून चार-पंचमांश, म्हणजे सुमारें ३.८ युनिट, निर्धास्त घेतां येतात. तेव्हां आंकड्यांत लहान दिसणारा लिथियमचा संच कामास शिशाच्या मोठ्या संचाएवढाच असतो, आणि वजनानें मात्र सुमारें पाव भरतो.

कठीण वाटेवर किलोमीटरास सुमारें १०० वॅट-तास, म्हणजे एक-दशांश युनिट, खर्च होतो. मऊ रानांत त्याच्या चौपट. दिवसाकांठीं १२ किलोमीटर फिरणारास चांगल्या वाटेवर सव्वा युनिट पुरेल, वाईट वाटेवर जवळजवळ पांच युनिट लागतील. वाटेवर खर्च केलेला पैसा बॅटरींत परत मिळतो, तो असा.

आपल्या उन्हाचा विचार विसरूं नये. नांदेड-लातुराकडे उन्हाळ्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. शिशाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर दहा अंशांस आयुष्याचा सुमारें अर्धा भाग गमावते, असा ठोकताळा आहे. तिला महिन्यांतून एकदां तरी शुद्ध केलेलें पाणी लागतें. विहिरीचें क्षारयुक्त पाणी घातल्यास ती बिघडते. भरतांना तिच्यांतून पेटणारा वायु निघतो, म्हणून बंद खोलींत, कडब्याजवळ किंवा बिडी ओढीत ती भरूं नये. लिथियमांत लोह-फॉस्फेट जातीची मागावी; ती उष्णतेस व पेटण्याच्या भयास अधिक सोशिक असते. तीहि उन्हांत तापलेली असतां भरूं नये. सांवलींत निवूं द्यावी.

किंमतीचा हिशोब वर्षावर करावा. समजा, शिशाचा संच ७०,००० रुपयांस मिळून तीन वर्षें टिकला, व लिथियमचा १,४०,००० रुपयांस मिळून आठ वर्षें टिकला. तर पहिल्याचा वार्षिक खर्च २३,३३३ रुपये व दुसऱ्याचा १७,५०० रुपये पडतो. आपल्या बाजारांतील खरे भाव घालून हेंच गणित करावें. ज्यास गाडी महिन्यांतून चार वेळांच लागते, त्याचें उत्तर वेगळें येईल. वापरलेली गाडी घेणारानें बॅटरीची किंमत शून्य धरूनच बोली करावी.

वीज कोठून घ्यावी?

गाडीच्या चार्जरास घरगुती एकफेजी, पंधरा अँपिअरचा खटका व चांगलें अर्थिंग लागतें. पूर्ण भरण्यास सहा ते आठ तास जातात. शेतीपंपाची जोडणी पंपासाठीं आहे; तिच्यावरून गाडी भरण्याचा मोह टाळावा, व घराच्या मीटरावरून भरावी. एक किलोवॅटचे सौर तक्ते आपल्याकडे उघड्या दिवशीं सुमारें चार युनिट वीज देतात. भारनियमनाच्या गांवीं हा उपाय विचारांत घेण्यासारखा आहे. चार्जर, मोटार व नियंत्रक हे पाणी व धूळ यांपासून किती बंद आहेत तें विचारावें. ‘आयपी ६७’ अशी खूण असल्यास तो भाग धुळीस बंद असून एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकतो, असा अर्थ होतो. ही खूण एका भागावर असली म्हणजे सबंध गाडी पाण्यांत घालावयास मोकळीक मिळाली, असें मात्र समजूं नये. गाडी पाण्यांत बुडालीच तर मुख्य जोड काढून ती कारागिरास दाखविल्यावांचून पुन्हां भरूं नये.

कायद्याची बाजू

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंतून केवळ कारखान्यांत किंवा बंदिस्त आवारांतच वापरण्यासाठीं बनविलेलें विशेष वाहन वगळलें आहे. याचा अर्थ, कुंपणाच्या आंत ती गाडी चालविण्यास नोंदणी लागत नाहीं. परंतु सार्वजनिक रस्त्यावर ती नेतां येत नाहीं. आमचे बंधु म्हणतील, ‘रस्ता कोठला? मध्यें नुसता शिवरस्ता आहे.’ शिवरस्ता व पाणंद या सर्वांच्या वहिवाटीच्या वाटा होत, त्या आपल्या कुंपणांत मोडत नाहींत. ज्याच्या जमिनीचे दोन तुकडे असून मधून अशी वाट जाते, त्यानें नोंदणी व विमा होणारें वाहनच घ्यावें. पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांस फिरविणारानें विम्याचा प्रश्न आधीं लेखी सोडवून घ्यावा. आणि गाडीची किल्ली मुलांच्या हातीं देऊं नये. आवाज न करणारी गाडी खेळणें वाटते, पण ती साडेआठशे किलोंचें ओझें आहे.

कोणी घ्यावी, कोणी घेऊं नये?

ज्याचें मुख्य काम ओझ्याचें आहे, म्हणजे खत, चारा, क्रेट, त्यास छोटा ट्रॅक्टर व ट्रॉलीच अधिक फायद्याची. ज्याच्या घरून बाग दोनशे पावलांवर आहे, त्यास काठी व सोबत पुरे. परंतु ज्याचे वडीलधारे बागेपर्यंत चालूं शकत नाहींत, वाट बांधण्याची ज्याची तयारी आहे, आणि बॅटरी बदलण्याचा पैसा जो वर्षावर्षास बाजूस काढील, त्यानें ही गाडी अवश्य घ्यावी. माणूस आपल्या रानांत जाऊं शकणें ही किंमतींत न बसणारी गोष्ट आहे.

सौदा करण्यापूर्वीं गाडी आपल्या शेतावर मागवावी, विकणाराच्या अंगणांत पाहूं नये. चार माणसें बसवावीं, सर्वांत कठीण चढ चढवावा, उतारावर थांबवावी, मागें घ्यावी, चाकांखालीं वाकून पाहावें. सुटे भाग नांदेड किंवा लातुरास मिळतात कीं पुण्यास जावें लागतें, तें विचारावें. बॅटरीची हमी किती वर्षांची व कोणत्या अटींवर, तें कागदावर घ्यावें.

आमच्या बंधूंनीं ती जुनी गाडी विकली नाहीं. ब्रेक व टायर नवे केले, वेग बांधून घेतला, आणि वाट आमच्या हद्दीच्या दगडापाशीं एका निंबाखालीं संपविली. तेथें एक दगडी कट्टा घातला आहे. सायंकाळीं ते तेथें बसतात. पाणी दिसतें, आणि पाण्याखालचें रान ज्यास दिसावयाचें त्यास दिसतें. कृषिबंधूंनीं आमच्या चुकीवरून शहाणपण घ्यावें, स्वतःच्या चुकीची वाट पाहूं नये, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.